सावकाशरावांचे टॉवेल

बस चालवायची नोकरी होती तेव्हा डेपोतले सगळे त्यांना ‘सावकाशराव’ म्हणायचे. म्हातारी माणसं चढून नीट बसल्याशिवाय ते गाडी हलवत नसत, आणि मागून कोणी कितीही हॉर्न वाजवला तरी त्यांच्या पायाला घाई माहीत नव्हती. निवृत्तीनंतर हे नाव त्यांच्यामागून गल्लीतही आलं. बायकोला मात्र ते अपुरं वाटायचं. “सावकाश कुठले, थांबलेलेच असतात,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

ती शाळेचे गणवेश शिवायची. मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे मशीन बंद असतानाही तिच्या तोंडाचा पट्टा तेवढ्याच जोरात चालायचा. सावकाशराव हूं हूं करत पेपर वाचायचे. घर दोघांचं होतं, बोलणं एकटीचं.

एका सकाळी कॉलर लावता लावता ती मशीनवरच कलंडली. पक्षाघाताचा झटका होता. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला, उजवा पाय जड झाला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, “त्यांना समजतं सगळं. शब्द सापडत नाहीत, एवढंच. येतील परत. किती आणि केव्हा, ते नाही सांगता येणार.”

मुलगी परगावी नोकरीला. ती धावत आली, रजा होती तोवर राहिली. निघताना आईसाठी नवेकोरे टॉवेल घेऊन आली. मोठे, जाड, गडद लाल.

“घरातले सगळे विरलेत, बाबा. आणि आईच्या आंघोळीला एखादी बाई बघू का?”

“तिला परक्याचा हात चालायचा नाही. मी करतो.”

बोलून तर गेले. पण या गृहस्थाने उभ्या जन्मात घरातला रुमालसुद्धा धुतलेला नव्हता.

पहिल्याच आंघोळीला फजिती झाली. खुर्चीवर बसवून, एका हाताने सावरून धरत त्यांनी तिला आंघोळ घातली आणि घडी मोडून नवा टॉवेल तिच्या पाठीवर ठेवला. टॉवेल पाणी टिपेचना, नुसतं इकडचं तिकडे फिरवत राहिला. ती कुडकुडायला लागली. मानेला, कानामागे लाल तंतू चिकटले. घाईघाईने पांढरा गाऊन चढवला, तर त्यावर गुलाबी डाग उमटले. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेला शब्द लागत नव्हते.

“नवीन आहे ना, म्हणून,” ते पुटपुटले.

मग त्यांनी ते टॉवेल धुवायला काढले. स्वच्छ निघावेत म्हणून पावडर सढळ हाताने घातली. दुकानदाराने एक सुगंधी बाटली दिली. “काका, शेवटच्या पाण्यात हे टाका, लोण्यासारखे मऊ होतील.” झालेही मऊ. घरभर फुलांचा वास सुटला. पण दुसऱ्या दिवशी आंघोळीला पुन्हा तेच, पालथ्या घड्यावर पाणी. उलट आता टॉवेल जास्तच बुळबुळीत लागत होता, आणि बायकोला शिंका येत होत्या.

सावकाशराव खचले. घाटात बिघडलेली बस त्यांनी हलक्या हाताने खाली आणली होती, पण बायकोचं अंग कोरडं करणं जमत नव्हतं. त्या दुपारी त्यांनी मोठी बादली भरली, टॉवेल बुडवले आणि पावडरचा डबा उचलला. बायको न्हाणीघराच्या दाराशी चाकांच्या खुर्चीत बसून बघत होती. त्यांनी पावडर ओतायला सुरुवात केली.

“पु... रे.”

डबा हातातच राहिला. त्यांनी मागे वळून पाहिलं. तीही दचकली होती. आपल्याच तोंडून निघालेला आवाज तिला ओळखू येत नव्हता.

“काय म्हणालीस?”

तिने पुन्हा ओठ जुळवले, चेहरा लाल होईपर्यंत जोर लावला, पण शब्द काही परत आला नाही. डोळे भरले. सावकाशरावांनी डबा खाली ठेवला. “राहू दे. मला ऐकू आलंय. पुरे म्हणजे पुरे.”

मग डाव्या हाताने तिची शिकवणी सुरू झाली. सुगंधी बाटलीकडे बोट दाखवून तिने हात असा झटकला, की त्यांनी ती तिथेच कचऱ्यात टाकली. मग ती स्वयंपाकघराकडे बोट दाखवू लागली. त्यांनी मीठ आणलं, तिने मान हलवली. साखर आणली, तेव्हा तिने कपाळाला हात लावला. तेलाची बरणी आणली, तेव्हा मात्र ती हसली. झटका आल्यापासून पहिल्यांदाच, अर्ध्या तोंडाने. शेवटी व्हिनेगरची बाटली पुढे केली तेव्हा मान डोलली. थोडंसं खळबळायच्या पाण्यात. फेस संपून पाणी नितळ दिसेपर्यंत ती त्यांना हात थांबवू देईना. इतर कपडे जवळ आणू देईना. वाळत घालण्याआधी टॉवेल जोरात झटकायचा, म्हणजे त्याचे दबलेले धागे उभे राहतात, हेही तिने हवेत हात झटकून दाखवलं.

असं पुन्हा पुन्हा धुतल्यावर टॉवेल ताळ्यावर आला. पाठीवर ठेवला की पाणी पिऊ लागला.

पिळताना एक दिवस तिने टॉवेलचं दुसरं टोक डाव्या हाताने ओढून घेतलं आणि डोळ्यांनी आपला उजवा हात दाखवला. त्यांनी तिची निर्जीव बोटं टोकाभोवती गुंडाळली, वरून आपली मूठ धरली आणि दोघांनी मिळून पीळ दिला. पाणी पायांवर सांडलं. तिला अजून करायचं होतं.

व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी तिला दाबायला स्पंजचा चेंडू दिला होता. तो ती रागाने कोपऱ्यात भिरकावून द्यायची. ताई आल्या तेव्हा हे टॉवेल पिळणं त्यांनी दारात उभं राहून पाहिलं.

“चेंडू राहू दे, काका. हेच करा, रोज,” त्या म्हणाल्या. “काम आहे म्हटल्यावर हाताला ते आठवतंय.”

हळूहळू बोटं आपणहून मिटू लागली. सावकाशरावांनी आपली मूठ काढून घेतली तरी टोक सुटेना. शब्दही येत होते, पण आपल्या मर्जीने. ‘नको’ आला, ‘गरम’ आला, मग बरेच दिवस नवीन काहीच नाही. ती चिडायची, जेवायची नाही. ते शेजारी बसून राहायचे. वाट बघायची त्यांना सवय होती.

एका सकाळी ते गॅलरीत टॉवेल वाळत घालत होते. आतून हाक आली, “अहो.”

ते तसेच उभे राहिले. ही हाक त्यांनी आयुष्यभर ऐकली होती आणि निम्म्या वेळा ऐकून न ऐकल्यासारखी केली होती.

“काय गं?”

ती चौकटीला धरून उभी होती, दोन पायांवर. दोरीकडे बोट दाखवून म्हणाली, “वा... वाकडा.”

टॉवेल खरंच वाकडा पडला होता. तो सरळ करायला त्यांनी भरपूर वेळ घेतला. डोळे पुसायचे होते.

ती पूर्ण बरी झाली नाही. मशीनवर पूर्वीसारखी बसू शकत नाही, आणि वाक्यं अजून तुटक येतात. पण काठी टेकत चालते, स्वतःचं अंग स्वतः पुसते, आणि सावकाशरावांना पेपर वाचू देत नाही. तेही आता पेपर खाली ठेवतात. तिचं वाक्य पुरं व्हायला वेळ लागतो आणि मध्येच ऐकणं सोडलं तर तिला कळतं.

परवा ताईंनी दोघांना पलीकडच्या रस्त्यावरच्या एका घरी नेलं. तिथल्या बाई नुकत्याच दवाखान्यातून आल्या होत्या, तशाच, बोलणं गेलेल्या. त्यांचा नवरा सावकाशरावांना बाजूला घेऊन एकामागून एक प्रश्न विचारत होता. आंघोळ कशी घालता, पडल्या तर उचलता कसं, चिडल्या तर काय करता. सावकाशराव जमेल तसं सांगत होते.

सावकाशरावांची बायको तोवर आत गेली. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या त्या बाईशेजारी बसली. तिचा लुळा हात आपल्या उजव्या हातात घेतला आणि शब्द शोधत राहिली. बाईने मान वळवून पाहिलं.

“येईल,” ती म्हणाली. मग थांबून, दम घेऊन, “वेळ... लागतो. पण येईल.”