थांबे मोजणारे नारोजीअण्णा

भाड्याची कॅराव्हॅन आमच्या बनशंकरीच्या गल्लीत आणण्यापूर्वी मी तिची उंची नीट विचारून घेतली होती. फक्त छपरावरचा एसी त्यात धरायचा राहिला. त्या एसीनं गल्लीतल्या तमाम इंटरनेटच्या केबल अशा कवेत घेतल्या, की दोन मिनिटांत प्रत्येक बाल्कनीत एकेक माणूस लॅपटॉप घेऊन उभा. घरून काम करणारी सगळी गल्ली मी एकट्यानं रिकामी बसवली होती.

तेवढ्यात चार घरं पलीकडून एक ठेंगणे म्हातारे गृहस्थ कपडे वाळत घालायची काठी घेऊन आले. काठीनं एकेक केबल उचलत म्हणाले, "स्वल्प मागं घ्या. आणखी स्वल्प. सरी, बास!" गाडी सुटल्यावर मला म्हणाले, "सार, गाडी किती लांब जाणार ते कुणीही विचारतं. किती उंच आहे, ते आधी बघायचं असतं."

सहा वर्षांत ज्यांच्याशी माझी फक्त मान हलवण्यापुरती ओळख होती, ते नारोजीअण्णा मला असे भेटले. चाळीस वर्षं त्यांनी एका लॉरी कंपनीच्या कचेरीत कुठली लॉरी कुठल्या रस्त्यानं धाडायची, हे ठरवण्यात घालवली होती. मी शहराच्या एका टोकाला व्हाइटफील्डला नोकरी करतो आणि दुसऱ्या टोकाला बनशंकरीला राहतो, म्हणजे खरं तर बराचसा रस्त्यावरच राहतो. तरी रस्त्यातलं मला ओ की ठो कळत नाही, हे त्यांनी त्या केबलींवरूनच ओळखलं असावं.

गाडी त्या दिवशी नुसती चालवून बघायला आणली होती. पंधरा दिवसांनी ती घेऊन मी आणि माझी बायको माधवी जयपूरला मुलीकडे जाणार होतो. अण्णांनी गाडी आतून पाहिली. ओटा, पलंग, फ्रिज यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "संडास आहे?" मी दार उघडून दाखवलं. ते आत गेले, कडी लावली आणि बराच वेळ आलेच नाहीत. बाहेर आले ते देवदर्शन झाल्यासारखा चेहरा करून. "सोय आहे," एवढंच म्हणाले.

मग रोज संध्याकाळी आमची बैठक. रस्ते दोन होते. एक हुबळी, कोल्हापूर, पुण्यावरून गुजरात-राजस्थानकडे जाणारा. दुसरा हैदराबाद, नागपूर, झाशी, ग्वाल्हेर करत वर जाऊन जयपूरला वळणारा. मी फोनवरचा नकाशा पुढे केला, की अण्णा तो पालथा घालत. "किलोमीटर मोजू नका सार, थांबे मोजा. तुमची ही फोनमधली बाई कधी चहाला उतरलीय का?"

त्यांची पद्धत वेगळी होती. ते माणसांना फोन करत. निपाणीजवळच्या एका जुन्या टायरवाल्याला त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. नातीचं लग्न, गुडघे, यंदाचा ऊस असं वीस मिनिटं चाललं. शेवटी फोन ठेवता ठेवता, "आणि हायवेचं काम कुठवर आलंय हो?" मी म्हटलं, "अण्णा, हे आधी का नाही विचारलंत?" तर म्हणाले, "आधी विचारलं की माणूस 'बरा आहे रस्ता' म्हणतो आणि ठेवून देतो. मन मोकळं झाल्यावर खड्ड्यासकट सांगतो."

मी नकाशातल्या आणखी एका फाट्याबद्दल हुशारी दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "आमचे पूर्वज साडेतीनशे वर्षांमागं मराठी मुलखातून घोड्यावरून इकडं आले. त्यांना कुणी फाटा सुचवला नाही, म्हणून पोचले."

आठ दिवसांनी निकाल लागला : पुण्याचा रस्ता. अडीचशे-तीनशे किलोमीटर कमी, थांबे चांगले. माझीही मनातून तीच इच्छा होती, त्यामुळे मला अण्णा फारच जाणकार वाटले.

दुसऱ्या दिवशी माधवी त्यांच्याकडे वांगीभाताचा डबा द्यायला गेली. अण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. दारातूनच तिला एका म्हातारीचा खणखणीत आवाज ऐकू आला.

"कुठल्या वाटेनं जातायत रे ती माणसं?"

"पुण्याकडनं, अक्का."

"मग इकडून या म्हणून सांग की त्यांना. तुलाही घेतील बरोबर."

"कसं सांगू? त्यांनी मला रस्ता विचारलाय. मी त्यांना माझी बहीण सांगू?"

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. ग्वाल्हेरला दिलेली, चौऱ्याऐंशी वर्षांची. नऊ वर्षांत भेट नव्हती. गुडघ्यांमुळे अण्णांना रेल्वेची पायरी चढवत नव्हती, आणि दर तासाला उठावं लागत असल्यामुळे बसचं नाव निघत नव्हतं. कडी लावून एवढा वेळ ते आत काय करत होते, ते मला माधवीनं सांगितल्यावर कळलं. खाली बसता येतं का, उठता येतं का, धरायला काही आहे का, हे बघत होते.

संध्याकाळी माधवीनं जाहीर केलं, "अण्णा, आम्ही नागपूरवरून जातोय. तुम्ही ग्वाल्हेरपर्यंत बरोबर यायचं."

अण्णा खरोखर चिडले. "चूक आहे अम्मा! तीनशे किलोमीटर जास्त. चाळीस वर्षांत मी घरच्या कामासाठी एक लॉरी वळवली नाही."

"किलोमीटर कोण मोजतंय? थांबे मोजा म्हणालात ना? एका थांब्यावर एक बाई नऊ वर्षं वाट बघतेय. असा थांबा पुण्याच्या रस्त्यावर आहे का, सांगा."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नाही." आणि चष्मा परत चढवत, "पण पुढच्या सीटवर मी बसणार. हे सार केबली तोडतात."

चार दिवस ते माझ्या शेजारी बसून मला दर वळणाला शिकवत होते, आणि दर तासाला "सार, स्वल्प थांबवा" म्हणून मागे जात होते. ग्वाल्हेरला अक्का काठी टेकत फाटकाशी आल्या. अण्णा उतरले आणि घाईघाईनं मागचा टायर तपासू लागले. अक्का म्हणाल्या, "नारू, टायर नंतर बघ. आधी मला बघ." तेव्हा कुठे ते उभे राहिले आणि अक्कांच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले.

ते दोन महिने तिथेच राहणार होते. आम्ही दोघं जयपूरच्या रस्त्याला लागलो. शेजारची सीट शिकवेना, म्हणून मला करमेना. मी उगाचच कुरकुरलो, "तीनशे किलोमीटर जास्तीचे पडले हं."

माधवी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जास्तीचे कुठले? प्रवास तर तेवढ्या तीनशेंतच झाला. बाकीचं नुसतं तुझं ड्रायव्हिंग होतं."