धूर दिसला की उतरायचं

चिमूटभर माती उचलायची, खांद्याच्या उंचीवरून सोडायची, ती कुठं उडते ते डोळे बारीक करून पाहायचं आणि म्हणायचं, "वारा पश्चिमेचा हाये. येऊ द्या."

चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवाबाहेर, एकदा तर स्मशानभूमीतही त्यांनी हे केलेलं मी पाहिलं आहे. येणारं कुणीच नसायचं. पण हातांना सवय लागली की ते मालकाला विचारत नाहीत.

आमच्या गल्लीत त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. मूळचे रिठद गावचे. नोकरी महसूल खात्यात, वाशीम जिल्ह्यातल्याच मालेगावच्या तहसीलमध्ये बरीच वर्षं आणि मग वाशीमला. तिथून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. सातबारे, दाखले, पंचनामे ही कामं सगळेच कारकून करतात. भाऊसाहेबांचं खास काम वेगळं होतं. जिल्ह्यात कुणी मोठा नेता हेलिकॉप्टरनं यायचा असला, की हेलिपॅड करायला त्यांनाच धाडत. शेत सपाट करून घ्यायचं, धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारायचं, चुन्यानं मोठा इंग्रजी एच काढायचा, चहूकडून दोरी बांधायची. आणि आवाज ऐकू आला की ओल्या गवताला काडी लावून धूर करायचा, म्हणजे वरच्या वैमानिकाला वारा कुठून आहे ते कळतं. मग दोरीच्या अलीकडे जाऊन उभं राहायचं आणि डोळ्यांत जाईल तेवढी धूळ घ्यायची.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पाहुण्यांसोबतच्या फोटोत ती कधी नसतात, पण फोटोतली जमीन त्यांनी केलेली असते.

एकदा मालेगावजवळ एका नेत्याची सभा आटोपली. हेलिकॉप्टर रिकामंच वाशीमला न्यायचं होतं. वैमानिक भला माणूस होता. तो भाऊसाहेबांना म्हणाला, तुम्हालाही वाशीमलाच जायचंय ना, मागची एक खुर्ची रिकामी आहे, या. भाऊसाहेबांनी चपला झटकल्या, दोरीखालून वाकले. तेवढ्यात नेत्याच्या स्वीय सहायकानं त्या खुर्चीवर सभेतल्या हारांची पिशवी ठेवली. हार वाशीमला हवेतून गेले. भाऊसाहेब एसटीनं.

ही गोष्ट ते हसत हसत सांगत.  ऐकताना मला नेत्याची शिसारी यायची ती यायचीच, पण थोडी भाऊसाहेबांचीही यायची, कारण गोष्टीच्या शेवटी ते नेहमी म्हणत, "हार ताजे होते सर, सुकले असते." मला ते सर म्हणत, मी शाळेत भाषा शिकवत असे. माझ्या मते अपमान झाल्यावर त्याला कारण शोधून देणारा माणूस अपमान करणाऱ्याइतकाच दोषी असतो. हे माझं मत मी त्यांना पुष्कळदा ऐकवलं. ते पान लावत ऐकून घेत.

निवृत्तीनंतर मुलगा हैदराबादला, मुलगी पुण्याला. दोघांचे खेळायचे दोन दणकट संगणक मागच्या खोलीत तसेच राहिले. वहिनींनी जुन्या साडीची झापडं शिवून त्यांवर घातली होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली ही दोन झाकलेली यंत्रं. एका दिवाळीत मुलीनं झापड काढून वडिलांना हेलिकॉप्टर उडवायचा खेळ लावून दिला. जाताना हातात धरून उडवायचा दांडा आणि पायानं दाबायची पेडल्सही मागवून दिली. तिला वाटलं असेल, बाबांचा वेळ जाईल.

वेळ गेलाच. सोबत भाऊसाहेबही गेले. काही महिन्यांत ते एका ऑनलाइन लढाऊ हेलिकॉप्टर स्क्वाड्रनमध्ये उमेदवार म्हणून भरती झाले. लढाऊ हेलिकॉप्टरला खुर्च्या दोन, एकीमागे एक, म्हणून दुसरा माणूस हवा होता. तो मी, शेजारच्या संगणकावर. मी का गेलो, असं पुष्कळांनी विचारलं. पोकळ डामडौल जवळून पाहण्याची मला जुनी खोड आहे, आणि इथं तिकीट नव्हतं.

डामडौल भरपूर होता. 'खेळ' हा शब्द उच्चारायचा नाही, 'मोहीम' म्हणायचं. कमांडरशी बोलताना उभं राहायचं. तो आपल्याला पाहू शकत नसला तरी. प्रत्येकाला टोपणनाव. सगळ्यांनाच गरुड व्हायचं असल्यानं गरुडांना नंबर दिलेले. आम्ही गरुड-चार, त्यात मी गरुड-चार-ब. सातबाऱ्यावरच्या पोटहिश्श्यासारखं हे नाव भाऊसाहेबांना फार आवडलं. मोहिमेआधी कमांडर बिगुलाचं रेकॉर्डिंग वाजवी. मात्र भाऊसाहेब पहिल्या दिवशी रेडिओवर "जयभीम, गरुड-चार बोलून राह्यलो" म्हणाले, तर त्यांना सुनावण्यात आलं की रेडिओवर कामाव्यतिरिक्त शब्द नकोत. बिगुल हे काम होतं.

हा कमांडर नागपूरकडे कुठंतरी टाइल्सचं दुकान चालवतो, असं पुढं कळलं. टाइल्स विकण्यात काही वाईट नाही. टाइल्स विकणाऱ्यानं मला 'विश्राम' म्हणावं, हे वाईट.

आणि खरी किळस पुढंच होती. दर रविवारी दुपारी मोहीम. पडद्यावर कुठलातरी डोंगराळ मुलूख, त्यात मातीच्या भिंतींची, पत्र्यांची घरं, गोठे, विहीर. मोहिमेनंतर जळत्या घरांची छायाचित्रं एकमेकांना पाठवायची आणि आठवड्याचा सर्वोत्तम स्फोट मतदानानं निवडायचा. शिकली-सवरली माणसं त्यात होती. एक तर बालरोगतज्ज्ञ होता. त्यांची वाहवा ऐकून मला जेवण जात नसे. भाऊसाहेब मतदान करत नसत, पण विरोधही करत नसत. "साहेब लोकायचं चालतेच थे," म्हणत. वर एक बसलेला असला की खाली उभं राहायचं, हे त्यांच्या हाडात होतं. मला त्यांचा वीट येई.

वहिनींनाही येई. "सर, ह्यायले आता चहाले बोलावलं तं म्हंते, उतरायची परवानगी मिळू दे," त्या सांगत. "इतकी परवानगी कदी मले विचारली असती तं."

उडवायला ते बरे होते, पण जुन्या सवयी सुटत नव्हत्या. उतरण्याआधी एक फेरी मारायचेच, कारण नेत्यांची हेलिकॉप्टरं मारतात. वाळवंटात उतरताना एकदा रेडिओवरच म्हणाले, "पाणी नाही मारलं वाट्टे इथं." कमांडरनं विचारलं, कसलं पाणी? स्क्वाड्रन आठवडाभर हसली. भाऊसाहेबही हसले. पण मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सर, मले हे पंख पाह्यजेत."

पंख म्हणजे नावापुढं लागणारं एक चित्र. उमेदवारीची परीक्षा पास झाली की ते मिळे आणि माणूस कायमचा वैमानिक होई. मी म्हटलं, बोटाएवढं चित्र आहे ते. ते म्हणाले, "असू द्या. कोणी दोरीच्या आत घेतलं, एवढं तं होईन." त्यावर मला टोमणा सुचला होता. मी तो मारला नाही.

परीक्षेची मोहीम अशी होती: आमच्या पुढं एक टेहळणी विमान जाणार आणि शत्रूच्या गावावर पांढऱ्या धुराची खूण टाकणार. गरुड-चारनं धूर दिसताच त्यावर रॉकेटं सोडायची आणि परत यायचं. एवढं सोपं, की हे सगळ्यांना पास करण्यासाठीच ठेवलं आहे, असा मला संशय होता.

भाऊसाहेबांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वहिनी दारात उभ्या राहून पाहत होत्या. डोंगर ओलांडला आणि गाव दिसलं.

"रिठदसारखंच दिसून राह्यलं," भाऊसाहेब म्हणाले.

खरंच तसं होतं. गावाबाहेर एक मोकळं सपाट रान. रानाच्या मधोमध पांढरा धूर, पूर्वेकडे झुकलेला. रानाच्या कडेनं माणसं उभी, माना वर केलेली.

कमांडर म्हणाला, "गरुड-चार, खूण दिसतेय. मारा."

भाऊसाहेबांनी उजव्या हाताचं बोट दांड्यावरच्या बटणावरून काढलं. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. मला ते स्पष्ट दिसलं. मग त्यांनी गावावरून एक फेरी घेतली. कमांडरचा आवाज चढला. भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "वारा पश्चिमेचा हाये. उतरून राह्यलो."

आणि उतरले. मी त्यांच्याबरोबर पुष्कळ उतरलो आहे, आदळलोही आहे. पण तसं उतरणं पुन्हा पाहिलं नाही. धुराच्या शेजारी, वाऱ्याकडे तोंड करून, पातेलं चुलीवर ठेवावं तसं. नंतर कडेच्या माणसांनी बंदुका रोखल्या आणि पडदा लाल झाला.

"मेलो आपण," मी म्हटलं.

"मेलो," ते म्हणाले. "पण उतरलो कसे?"

दारातून वहिनी म्हणाल्या, "आता तं चहा घ्या."

त्याच संध्याकाळी चौकशी बसली. सगळी स्क्वाड्रन रेडिओवर हजर. कमांडर मनानं अगदीच दुष्ट नव्हता. त्याला माणसं टिकवायची होती. त्यानं वाट काढून दिली. म्हणाला, दांड्याचं बटण चाललं नसेल, तांत्रिक अडचण आली असेल. तसं सांगा. पुढच्या रविवारी परीक्षा पुन्हा घेऊ, पंख मिळून जातील.

 'तांत्रिक कारणास्तव' हे शब्द भाऊसाहेबांनी आयुष्यात किती वेळा लिहिले असतील, याची गणतीच नको. मंडप पडला तर तांत्रिक कारण, नेता आला नाही तर तांत्रिक कारण. हे शब्द त्यांच्या लेखणीतून आपोआप उतरत. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत वाट बघत होतो, आणि खरं सांगतो, ते शब्द आले की उठून घरी जायचं, पुन्हा या खोलीत पाय ठेवायचा नाही, असं मी ठरवलं होतं.

भाऊसाहेब उभे राहिले. नियमच होता तो.

"बटण चालत होतं साहेब," ते म्हणाले. "म्या दाबलं नाही."

का, असं कमांडरनं विचारलं. तो धूर म्हणजे लक्ष्य होतं, हे माहीत नव्हतं का?

"माहीत होतं. सकाळी तुमीच सांगतलं. पण धूर करून उभा असलेला माणूस वाट पाहून राह्यलेला असते, साहेब. जिंदगीभर म्या थोच धूर केला. वरून आलेल्यायनं कदी मले हात नाही दाखवला, थे निराळं. पण गोळी तं नाही घातली."

कुणीतरी हसलं. बालरोगतज्ज्ञ असावा. कमांडर म्हणाला, तो धूर त्यांनी केला नव्हता, आपल्याच विमानानं टाकला होता. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच होतं. भाऊसाहेब म्हणाले, "खाली उभ्या असलेल्याले कोनं टाकला थे दिसत नाही. नुसता धूर दिसते." आणि खुर्चीत बसले, परवानगी न विचारता.

मग नगाऱ्याचं रेकॉर्डिंग वाजवून गरुड-चारला स्क्वाड्रनमधून काढून टाकण्यात आलं. पोटहिस्सा ब त्यात आपोआप गेला. माझ्या आयुष्यात मला मिळालेला हा एकमेव सन्मान.

वाटलं होतं, आता संगणकांवर झापडं पडतील. तसं झालं नाही. भाऊसाहेब एकटेच उडवू लागले. मुलीला फोनवर विचारून विचारून त्यांनी त्या खेळात स्वतःची गावं मांडायला शिकून घेतलं. काय मांडलं असेल? हेलिपॅड. प्रत्येक गावाबाहेर एक पांढरा एच, शेजारी धूर, कडेला माणसं, त्यांच्या हातात काही नाही. मी संतापलो. म्हटलं, आयुष्यभर दुसऱ्यांसाठी हेच केलंत, आता मोकळे झालात तर पुन्हा तेच? लाज कशी वाटत नाही?

"दोरी नाही बांधली पहा," ते म्हणाले.

मी पाहिलं. खरंच, दोरी कुठंच नव्हती.

मग ते शेजारच्या खुर्चीवरची रद्दी उचलून खाली ठेवत आणि म्हणत, "या सर. खुर्ची रिकामी हाये." आम्ही कुठल्यातरी गावी उतरायचो, यंत्र बंद करायचो आणि नुसते बसायचो. पाती हळूहळू थांबायची. काहीच घडत नसे. इतका निरर्थक वेळ मी दुसऱ्या कुणासोबत घालवला नाही, आणि कुणाला घालवू दिलाही नसता.

गेल्या उन्हाळ्यात दुपारच्या झोपेतच ते गेले. शोकसभेला खात्यातले एक बडे अधिकारी आले होते. त्यांनी भाऊसाहेबांच्या निष्ठेविषयी पुष्कळ वेळ भाषण केलं आणि नाव चुकवलं. मी उठून बाहेर गेलो.

थोड्या दिवसांनी वहिनींनी बोलावलं. मुलगा संगणक न्यायला येणार होता. "त्याच्या आंधी एकदा पाहून घ्या सर," त्या म्हणाल्या. "मले तं लावता येत नाही."

मी झापड काढलं. भाऊसाहेबांनी शेवटचं ठेवलेलं गाव उघडलं. हेलिकॉप्टर एचच्या मधोमध उभं होतं, धूर पूर्वेकडे झुकलेला. पडद्यावरच्या त्या हेलिकॉप्टरात मी माझ्या नेहमीच्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो. समोर त्यांची खुर्ची, त्यात कुणी नाही. कडेची माणसं माना वर करून पाहत होती. आम्ही केव्हाच उतरलो आहोत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

वहिनी माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"उडत नाही का थे?"

"मला चालवता येत नाही, वहिनी. बसलोय नुसता."

त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची रद्दी उचलून खाली ठेवली आणि बसल्या.