वाडा

माझ्या हातातला माईक काढून घेतला तेव्हा माझं तोंड उघडंच होतं. आपला प्रभू वाड्यात जन्मला, एवढं एक वाक्य मी बोलले होते. गेल्या वर्षीच्या नाताळची संध्याकाळ. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. समोर तिवईवर मोबाईल, त्यात लाईव्ह चालू.

ग्लोरियाबाईंनी माईक ओठांशी धरला आणि गोड हसून म्हणाल्या, "वाड्यात पेशवे राहायचे हो. प्रभू गोठ्यात जन्मला."

अख्खी मंडळी हसली. असं हसली की तिकडे मिऱ्याच्या बंदरात नांगरलेल्या होड्या हलल्या. ते मी ऐकीव सांगते. पण आमच्या पाळकसाहेबांचं पोट हलताना मी या डोळ्यांनी पाहिलं. मग बाईंनी पुढची गोष्ट सांगितली आणि मी मागे जाऊन चहाचे कप विसळले.

आमच्याकडे गुरं बांधतात त्या जागेला वाडा म्हणतात. माझ्या आईने म्हटलं, तिच्या आईने म्हटलं. गोठा मला शाळेच्या पुस्तकात भेटला आणि तिथेच राहिला. माझ्या वाड्यात दोन म्हशी आणि एक गाय. सकाळी शेण काढायचं, धारा काढायच्या, किटल्या घेऊन रत्नागिरीत दूध घालायचं. ग्लोरियाबाईंकडेही. निवृत्त होऊन पुण्याहून इथे आल्या, चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणतात. मला कसा दिसणार? दार वीतभर उघडतं, त्यातून पातेलं बाहेर येतं.

त्या यायच्या आधी तेरा वर्षं नाताळची गोष्ट माझी होती. माझ्या गोष्टीतले मागी लोक, ताऱ्यामागून बाळाला शोधत येणारे ते ज्ञानी, मंडणगडच्या एसटीने यायचे, सावर्ड्याला उतरून चहा घ्यायचे, आणि तारा बिचारा तोवर वर थांबून राहायचा. पोरं खाली लोळायची. आठवडाभर मी दूधवाली. त्या एका संध्याकाळी मात्र मी देवळाच्या मधोमध उभी असायची. मला आयुष्यात दुसरा मान नव्हता.

म्हणून हेवा. लपवत नाही. असा हेवा केला की माझ्या पोटावर तांदूळ ठेवले असते तर भात झाला असता. त्यांच्या पांढऱ्या साडीचा हेवा, त्या साडीला न पडणाऱ्या सुरकुतीचा हेवा. त्यांच्या जिभेचा तर सगळ्यात जास्त. शब्द कसे इस्त्री करून बाहेर पडायचे. दहा आज्ञांतली शेवटची, शेजाऱ्याच्या वस्तूंचा लोभ धरू नको ती, कोणासाठी लिहिली, ते मला त्या वर्षी कळलं. पाळकसाहेब हेव्यावर उपदेश करायला लागले की मला वाटायचं, यांना माझ्या म्हशींनी सांगितलं.

वर्षभर मी धार काढताना गोठा, गोठा म्हणत बसले. म्हैस मागे वळून बघायची. नवरा एकदा दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "अगो, जनावराला तरी कळू दे कुठं बांधलंय ते." मी त्याच्यावर शेणाचा गोळा उगारला. पण जीभ काही वळली नाही.

यंदा नाताळला पंधरा दिवस राहिले तेव्हा ग्लोरियाबाईंनी दार चक्क पूर्ण उघडलं. समुद्र दिसला. मला वाटलं, बोलावतायत. गोष्ट परत देतायत. खोटं कशाला बोलू, एका क्षणात माझा सगळा हेवा विरघळला.

त्या म्हणाल्या, "या वर्षी देखाव्यातली गव्हाण मोठी करतोय. शेजारी सेल्फी पॉइंट. तुझ्याकडचा पेंढा आण ना. पण धुऊन आण. वाळवून. वास नको."

पेंढा धुऊन.

पुढची पाच मिनिटं मी तिथेच उभी होते. हातातल्या दुधाचं दही झालं असेल. ज्या वासात तो जन्मला, तो वास यांना नको. तो शब्द नको. ती दूधवाली नको. पेंढा तेवढा हवा, तोही धुतलेला. वर्षभर मी या बाईची जीभ मागत होते. कशाला? हिला जन्मात कधी गव्हाणीत हात घालावा लागलेला नाही.

"पेंढा धूत नाहीत," मी म्हटलं. "आणि मी देतही नाही."

त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "तुमच्या बाप्तिस्म्याचं पाणी अजून वाळलं नाही. आमच्या चार पिढ्या झाल्या."

माझ्या सासऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला तो जातीची उतरंड सोडायला. इथेही पायऱ्या होत्याच. फक्त पाण्याच्या.

संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. मंडळीत फूट नको म्हणाले, पेंढ्यासारख्या गोष्टीवरून अडू नये म्हणाले, ख्रिस्ती माणसाने नम्र असावं म्हणाले. मी चहा दिला. साखर घातली नाही.

"पाळकसाहेब, एक वर्ष मी नम्र होऊन बघितलं. आता त्यांना सांगा."

ते चहा अर्धा टाकून गेले.

हेवा गेला असं समजू नका. ती पांढरी साडी अजून स्वप्नात येते. पण जीभ आता मला माझीच हवी. या नाताळला त्यांच्या लाईव्हसमोर बाजारातला धुतलेला पेंढा असेल. मी माझ्या वाड्यात गोष्ट सांगणार. म्हशींपुढे सांगावी लागली तरी सांगणार, आणि वाडाच म्हणणार. कोणाला यायचं असेल त्याने यावं. शेणाचा वास येईल. दार बुटकं आहे, चार पिढ्यांच्या ख्रिस्त्यालाही वाकूनच आत यावं लागेल.

दार मी उंच करणार नाही.