त्र्याऐंशी नंबरचा बोका

क्लिफर्ड एंटविसल इंग्लंडात लँकशायरमधल्या एका गिरणीगावचा पोस्टमन. निवृत्तीनंतर त्याचा सगळा जीव मांजरांच्या प्रदर्शनांत. जातिवंत मांजरांचा परीक्षक म्हणून त्याचं नाव होतं. नवशिक्या परीक्षकांना तो सांगे, "गोल डोकं, भरीव अंग, डोळ्यांचा रंग हे पुस्तकातून कळतं. खरी परीक्षा स्वभावाची. आणि मांजर बिथरलं, तर आधी आपला हात तपासा."

मार्चमधल्या त्या शनिवारी दुपारपर्यंत चाळीस मांजरं त्याच्या हाताखालून गेली होती. बोटं सुजली होती. परीक्षण चालू असताना मालकांना आत मज्जाव. ते बाहेर चहा पीत बसलेले. पिंजऱ्यांवर नावं नाहीत, नुसते नंबर. मदतनीस डोरीनने त्र्याऐंशी नंबरचा राखाडी बोका टेबलावर ठेवला. क्लिफर्डने शेपटीवरून हात फिरवला. एरवी तो अंगठी काढून ठेवी. आज ती निघालीच नव्हती. तिच्यात केस अडकले, त्याने हात ओढला, आणि बोका कडकडून चावला.

"पाजी कुठला!" म्हणत क्लिफर्डने लिहिलं : स्वभाव दुष्ट. बाद.

"क्लिफर्ड, अंगठी बघ," डोरीन हळूच म्हणाली. अंगठीत राखाडी पुंजका होता.

"चावला तो चावला. पुढचं आण."

डोरीनने बोक्याला पिंजऱ्यात ठेवलं. त्यानंतर ती कामापुरतंच बोलली.

निकाल लागले, दारं उघडली. त्र्याऐंशी नंबरपाशी बोक्याचा मालक, विल्फ ऑर्मरॉड नावाचा म्हातारा, शेरा वाचत उभा होता. शेजारणीला सांगत होता, "घरी नातीच्या बाहुलीगाडीत झोपतो हो हा. माझंच चुकलं. काल न्हाऊ घालायला नको होतं." मग बोक्याकडे वळून, "काय रे, माझी लाज घालवलीस?"

मागे सँडविच खात उभ्या असलेल्या क्लिफर्डचे कान तापले. सँडविच त्याने तसंच ठेवून दिलं. तो सरळ स्वच्छतागृहात गेला, साबण लावून अंगठी ओढून काढली. बोट सोलवटलं.

"मिस्टर ऑर्मरॉड," परत येऊन तो म्हणाला, "चूक तुमच्या बोक्याची नाही. माझ्या अंगठीने त्याचे केस उपटले."

"असं होय! तुम्हाला आत्ता कळलं वाटतं?"

खोटं बोलायची ती नामी संधी होती. क्लिफर्डने मान खाली घातली. "नाही. लिहितानाच ठाऊक होतं."

म्हातारा बोक्याकडे वळला. "आणि मी इथे या मुक्या जिवाला बोल लावत बसलो," एवढंच म्हणाला आणि बोक्याला घरी न्यायची टोपली उघडली.

क्लिफर्डने व्यवस्थापकांकडे जाऊन शेरा खोडायला लावला, प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाच्या मासिकात स्वतःच्या नावाने सगळं छापवलं. बक्षीस मात्र दुसऱ्या मांजराला गेलं ते गेलंच. शरदात त्याने विल्फला पत्र धाडलं : बोका कसा आहे, पुढच्या प्रदर्शनाला आणणार का? पंधरा दिवसांनी कार्ड आलं : "बोका मजेत आहे. प्रदर्शनं आम्ही सोडली."