कामवाल्यांची लिफ्ट

ती घटना अजून माझ्या मनातून जात नाही. मी तेव्हा मुलुंड भागातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. एका टॉवरमधून फोन आला, अकराव्या मजल्यावरच्या घरातून सोन्याच्या चार बांगड्या गेल्या. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, कामवाली मागच्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या बिल्डिंगमधली आहे. त्या लोकांचं तुम्हाला वेगळं सांगायला नको." कुठल्या लोकांचं, असं मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

फिर्यादीबाईंचा जबाब आम्ही त्यांच्या घरी, सरबत घेत नोंदवला. कामवालीला मात्र ठाण्यात आणलं. बाईमाणसाची चौकशी तिच्या घरी जाऊन करायची, हा नियम दोघींना सारखाच होता आणि मला तो पाठ होता. तरी आणलं.

ती बौद्ध कुटुंबातली, पस्तिशीची. नवरा वारलेला, दोन मुली शाळेत. त्या एकाच टॉवरमधली सहा घरं करायची. सेक्रेटरींनी तिला फाटकातच बंदी केली होती. चोरीचा शिक्का बसला की सहाही घरं सुटणार आणि चूल बंद, हे तिला कळत होतं आणि मलाही.

वॉचमनचा जबाब ठाम होता: साडेअकराला ती घाईघाईनं लिफ्टमधून बाहेर पडली, हातात फुगलेली पिशवी होती. लॉबीतला कॅमेरा नादुरुस्त, म्हणजे सगळी भिस्त या जबाबावरच.

तीन तास झाले. महिला शिपाई समजावून थकली. माझा पारा चढला. "लिफ्टनं उतरलीस, हातात पिशवी होती. बांगड्या कुठे ठेवल्यास?"

इतका वेळ मान खाली घालून बसलेली ती बाई सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "कुठल्या लिफ्टनं साहेब? कामवाल्यांची लिफ्ट सकाळपासून बंद होती. मोठ्या लिफ्टमधी आम्हाला पाय ठेवू देत नाय. अकरा मजले चालत उतरले मी. तो जिना मागं निघतो, तिथं वॉचमन नसतोच."

मी लगेच दुरुस्तीवाल्याची नोंद मागवली. ती लिफ्ट नऊपासून चारपर्यंत बंदच होती. वॉचमनला पुन्हा समोर बसवलं, तर तो कबूल झाला. "साहेब, सगळे बोलत होते तिनंच घेतल्या. सेक्रेटरी बोलले, पाहिलंस ना? मी हो बोललो. नोकरीचा सवाल होता ना."

आता चोरी झाली तरी होती का, अशी शंका आली, म्हणून फिर्यादीबाईंना बँकेचा लॉकर उघडायला सांगितलं. बाई भडकल्या, "म्हणजे आमच्यावरच संशय?" बांगड्या लॉकरमध्येच होत्या. एका लग्नाहून आल्यावर तिथे ठेवून त्या विसरल्या होत्या. सेक्रेटरी म्हणाले, "चला, मिळाल्या ना, विषय संपला."

आठवड्यानं ती ठाण्यात आली. बंदी उठली होती, पण चार घरांनी दुसरी बाई ठेवली होती. मी म्हणालो, "बाई, तुम्ही निर्दोष आहात, रेकॉर्डवर तसं लिहिलंय."

"रेकॉर्ड कोण बघतंय साहेब? न्यायला आलात तेव्हा गाडी दारात लावलीत, सगळी बिल्डिंग गॅलरीत उभी होती. सोडलंत तेव्हा मी एकटी चालत गेले. लोक अजून विचारतात, किती देऊन सुटलीस?"

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक शिस्त पाळली. संशयावरून आणलेला माणूस निर्दोष निघाला, की त्याला दिवसाढवळ्या, आमच्याच गाडीतून घरी सोडायचं आणि शेजाऱ्यांदेखत तसं सांगायचं. बऱ्याच जणांना सोडून आलो. त्या बाईंच्या दारात मात्र कधी गेलो नाही. लाज वाटत होती, दुसरं काही कारण नव्हतं.