मायला चक्कर आली नव्हती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चर्चच्या पाळकांनाही नाही. सांगायची वेळ आली की मी विषय बदलायचो — असं करता करता म्हातारा झालो. पण मागच्या रविवारी चर्चच्या मंडळीतल्या तरुणांनी माझा सत्कार केला. "परक्या गावात एकट्यानं विश्वास जपला," म्हणाले. आणि मी तो हार गळ्यात घालून घेतला. आता तरी खरं लिहायला नको का?

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. कुरखेड्याला मी नवा मास्तर. नाव मनोहर, आडनाव इकडचंच; मी ख्रिस्ती आहे हे कुणाला कळायचं कारण नव्हतं — आणि मी कळू दिलं नाही. पारावर मिशनवाल्यांविषयी वाईटसाईट बोलणं चालायचं, तेव्हा मीही मान हलवायचो. तरी दिवस गोड होते. कापलेल्या धानाचा वास घरात यायचा. घरमालक नारायणभाऊ रोज संध्याकाळी ओट्यावरून हाक मारायचे, "या मास्तर, बसा." एकट्या माणसाला आणखी काय हवं असतं?

अशात चांद्याहून माय आली. विधवा बाई, मिशनच्या दवाखान्यात आया. तिच्या दोन गोष्टी कधी चुकल्या नाहीत — जेवणाआधी डोळे मिटून देवाचे आभार मानणं, आणि खरं बोलणं. लहानपणी एका खोट्यासाठी तिनं मला दिवसभर उपाशी ठेवलं होतं. स्वतःही जेवली नव्हती.

नारायणभाऊंकडे त्या आठवड्यात नवं खायचं होतं, नव्या तांदळाचं पहिलं जेवण. आम्हा दोघांना बोलावणं आलं. वाटेत मनात आलं — आज डोळे मिटू नको, असं सांगावं का तिला? तेवढंही धाडस झालं नाही.

पळसाच्या पत्रावळींवर वाफाळता भात पडला. सगळे जेवायला लागले. मायनं पदर डोक्यावर ओढला, मान खाली घातली, डोळे मिटले.

"काऊन मास्तर," नारायणभाऊ हसले, "तुमच्या मायले भात पाहूनच झोप लागली का?"

पंगत हसली. त्यांची बायको पार्वताबाई वाढता वाढता थांबली. "बाई, बरं नाई वाटून राह्यलं का?"

आणि मी म्हणालो — "तिले चक्कर येते कधीकधी."

किती सहज निघालं तोंडातून! पार्वताबाई धावली. कांदा फोडून मायच्या नाकाशी धरला, पदरानं वारा घातला. मायनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "हो बाई. ऊन लागलं असन."

माझ्यासाठी खोटं बोलली. ती!

घरी येताना मी बोलणी खायला तयार होतो. ती एवढंच म्हणाली, "किती जीव लावते ती बाई तुले. तिले तरी खरं सांगायचं होतं."

पुढे ती आठवडाभर राहिली. दार लावलेलं असायचं, घरात आम्ही दोघंच — तरी ती ताटावर बसली की लगेच घास उचलायची. डोळे उघडे. का? मला सांभाळायला? की माझ्यासमोर देवाचं नाव घ्यायचंच नव्हतं तिला? मी विचारलं नाही.

मला कुणी धमकावलं नव्हतं. नोकरीही जाणार नव्हती. ओट्यावरची ती संध्याकाळची हाक बंद होईल — एवढीच भीती. तेवढ्यासाठी मी तिची प्रार्थना आजारात काढली.

वडशाला तिला गाडीत बसवून दिलं. गाडी सुटायला बराच वेळ होता. खिडकीच्या गजावर तिचा हात, खाली फलाटावर मी. माय, माझं चुकलं — इतकंच म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलं. मी म्हणालो, "पाणी आणून देऊ?"

"नको, हाये."

मग गाडी सुटेपर्यंत आम्ही धानाच्या भावाबद्दल बोललो.

उन्हाळा लागता लागता ती गेली. मी चांद्याला पोचलो तेव्हा माती देऊन झाली होती.