‘व्हय’ नसलेली कॅसेट

नव्वदच्या सुमाराला कॉलेजनं मला बेळगावला प्रशिक्षणाला पाठवलं. कॉलेजात न येता बी.ए.ला मराठी घेतलेल्यांना धडे कॅसेटवर मिळणार होते आणि महिन्यातून एकदा जोयड्याला वर्ग भरणार होता. असं शिकवायला आम्हा भाषेच्या शिक्षकांना तयार करायचं होतं. मी तीन वर्षं हंगामीच होते. नमुन्याची कॅसेट पास झाली तर कायम, नाहीतर घरी बसा, असं तोंडावर सांगितलं होतं.

कॅसेट गावी, कुंभारवाड्याच्या घरी भरायची होती. बटण दाबलं आणि दोन वाक्यांत माझी वाचाच बसली. आमच्याकडे कुणी काही सांगायला लागलं की ऐकणाऱ्यानं मधूनमधून ‘व्हय’ म्हणायचं असतं. ते थांबलं की सांगणाराही थांबतो. माझ्या वर्गातली मुलंही म्हणायची. यंत्र काही म्हणेना. शेवटी मळणी सोडून बाबा समोर येऊन बसले. कवितेतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण वाक्य संपलं की ‘व्हय’ ठरलेला. धडा झकास झाला.

बेळगावच्या मार्गदर्शक बाईंनी पाच मिनिटांत टेप बंद केला.

“हे मध्ये कोण बोलतंय? पुन्हा भरा. एकटीनं.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. घरी येऊन खोलीचं दार लावलं आणि भिंतीकडे बघत अख्खा धडा म्हणून टाकला. बाबांना ऐकवला. ते म्हणाले, “बरं हाय. पन ह्यात आमचं काय कामच न्हाई.”

मी पास झाले. कायम झाल्याचा कागद हातात आला तेव्हाही आत काही हललं नाही. तो ट्रंकेत ठेवला आणि चुलीवर भात टाकला.

सहा महिन्यांनी जोयड्याच्या वर्गात मी बोलत होते आणि समोर सगळे गप्प. पेनं तेवढी चालत होती. मला वाटलं, कळत नसेल. पहिल्या बाकावर माझ्याच गावची मुलगी होती. तिला विचारलं, “का गं, व्हय म्हणायला काय झालं तुम्हाला?”

“सवय मोडली, बाई. क्यासेटीला व्हय म्हटलं की म्होरलं वाक्य हुकतंय.”

तिचं बरोबरच होतं. मी “बरं” म्हणाले आणि मागच्या भिंतीकडे बघून पुढचा धडा सुरू केला.